तिआनआनमेनमध्ये चाचा

तासगावच्या चाचांना राग आला की त्यांचा आवाज खाली यायचा. एरवी बेदाण्याच्या शेडमध्ये या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस रागावला की जवळ यायचा आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचा. त्या आवाजाला भलेभले टरकून असत.

बेदाणे निवडायचं यंत्र पाहायला ते चीनला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून मला घेऊन गेले. मी त्यांच्या शेजारचा, पुण्यात चिनी शिकलेला. काम उरकलं आणि बीजिंगमध्ये एक दिवस मोकळा मिळाला. राजवाडा नको, ती भिंतही नको म्हणाले. "मला त्यो चौक बघायचा हाय. पोरांवर रणगाडे घातले त्यो." ती बातमी आली तेव्हा चाचा त्याच पोरांच्या वयाचे होते.

चौकात शिरायलाच तासभर गेला. पासपोर्ट, पिशव्या, खिसे, सगळं तपासलं. आत नजर पोहोचेल तिथवर फरशी, खांबाखांबावर कॅमेरे आणि टेकायला साधा दगड नाही. चाचांचे गुडघे दुखत होते. ते खालीच बसले, तर गणवेशातल्या एकानं येऊन उठवलं.

"एवढा मोठा चौक, आन् माणसानं बसायचं न्हाई?" चाचांचा आवाज उतरू लागला होता.

यंत्रवाल्यांनी शहर दाखवायला एक तरुण मुलगी सोबत दिली होती. तिच्याकडे बोट करून चाचा मला म्हणाले, "इचार तिला, ती पोरं नेमकी कुठं पडली?"

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि चिनीत विचारलं, "हा चौक केवढा आहे?" ती हसत हसत लांबी-रुंदी सांगू लागली.

चाचा तिचा चेहरा बघत होते. मग माझ्या अगदी जवळ आले. "मेलेल्या पोरांचं सांगताना असं हसंल व्हय कोण? काय इचारलंस?"

मी खरं ते सांगितलं. तिची नोकरी जाईल, आपल्यालाही धरतील, असंही म्हणालो.

"मग 'चाचा, न्हाई इचारत' म्हणायचं. मी ऐकलं असतं. तिचं वाटोळं मला करायचं न्हवतं. पर तू माझ्या तोंडात दुसरंच घातलंस. हितलं सरकार करतंय, त्ये तू न सांगता केलंस."

परतीच्या विमानात ते माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसले.

गावात कुणी चीनच्या शिस्तीचं कौतुक केलं की चाचा त्याला धरायचे. "फरशीवरचं रगात धुतलं म्हंजी शिस्त न्हवं." चौकाची हकिकत ते बाजारात, लग्नात, एसटीत, कुठंही सांगत. ती सुरू झाली की मी उठून जाई. माझं नाव ऐकायची माझी तयारी नव्हती.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी चाचींपाशी बसून कबूल केलं, की चौकातला प्रश्न मी बदलला होता.

चाची म्हणाल्या, "त्ये तर म्हणायचे, 'ऐनवेळी मीच भ्यालो, इचारलंच न्हाई.' साऱ्या गावाला ह्येच सांगितलं त्यांनी."

मला चाचांचा संताप आला; मला झाकायला त्यांनी स्वतःच्याच तोंडात खोटं घातलं होतं. समोर असते तर भांडलो असतो. मी उठून मांडवात गेलो. बाजारातली, शेडवरची माणसं जेवत होती. त्यांचे हात थांबेपर्यंत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चाचा भ्याले नव्हते. भ्यालो मी."