भांडं तुझं, पेशंट तुझा

"बेडपॅन तू दे. तुमच्या घराला सवय आहे त्याची."

इन्चार्ज मॅडम हे कानात नाही बोलल्या. भरलेल्या वॉर्डात बोलल्या, पेशंट आणि नातेवाइकांच्या देखत. कुणीतरी फिसकन हसलं. माझे वडील संभाजीनगरची गटारं साफ करायचे. मॅडमनी आडनावावरून माझी जात ओळखली आणि घरचं कामही ताडलं. मी त्यांच्यासारखीच नर्सिंग शिकलेली, परीक्षा तीच, गणवेश तोच. पण त्या दिवसापासून वॉर्डात रिवाजच पडला. इंजेक्शन सगळ्यांचं, संडास माझा.

पेशंटने घंटा दाबली की बाकीच्या सिस्टर बसूनच विचारायच्या, "काय पाहिजे?" गोळी हवी असेल तर उठायच्या. संडासला जायचं असेल तर मला हाक. मी दुसऱ्या टोकाला सलाइन लावत असले तरी पेशंटने थांबायचं. नोकरी नवी होती. मूग गिळून गप्प बसले.

मग गंगापूरच्या आजी आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना एकटं उठू द्यायचं नाही, हे प्रत्येकीला माहीत होतं. दुपारी त्यांनी घंटा दाबली. दोन सिस्टर त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलाशी बसून चहा पीत होत्या. मी पार कोपऱ्यात एकीची जखम धूत होते.

"ए, तुझा पेशंट!" एक ओरडली.

"माझे हात गुंतलेत, ताई. तुम्ही धरा त्यांना!"

कुणी हललं नाही. आजींनी परत घंटा दाबली. मग त्यांनी स्वतःच पाय खाली सोडले. मला दिसलं. मी हातातलं टाकून धावले, पण पोचले नाही.

"लई वाट पाहिली गं बाई," आजी फरशीवरून म्हणाल्या. लुगडं ओलं झालं होतं आणि त्या माझीच माफी मागत होत्या. मला रडू आलं नाही. संताप आला. बसवलेला खुबा निखळला होता. त्या म्हातारीला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागणार होतं.

आजींचा मुलगा धावत आला. मॅडमनी मला दंडाला धरून पुढे ढकललं.

"हिचं काम होतं. पाया पड त्यांच्या. माग माफी."

मी दंड सोडवून घेतला.

"दादा, तुमच्या आईजवळ दोन सिस्टर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. कारण इथं संडासचं भांडं माझ्या जातीला लावून दिलंय."

तो मॅडमकडे वळला. "म्हंजे तुमी जात बघत बसल्या, आन् माझी माय पडली व्हय?"

मॅडम दात-ओठ खात मला म्हणाल्या, "नोकरीचा विचार कर."

"केला," मी म्हणाले. "आता तुम्ही ऐका. ज्या सिस्टरच्या कानावर घंटा पडेल, ती उठेल. मी अडकले तर माझा पेशंट तुम्ही धरायचा, तुम्ही अडकलात तर तुमचा मी धरीन. विटाळ होत असेल तर हात घरी ठेवून या."

चहावाल्या दोघी मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांची मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

मला काढायचं तर काढा. पण मी इथं आहे तोवर पेशंट ताटकळला आणि सिस्टर बसून राहिली, तर तिचं नाव मी त्याच्या नातेवाइकांना सांगणार. त्याच वेळी, तिच्या तोंडावर.