सलूनवाल्या मामांचा कॅमेरावाल्यावर राग

खुटबावच्या सलूनवाल्या मामांनी टीव्हीवरच्या त्या गाजलेल्या प्राण्यांच्या मालिकेचा एकही भाग चुकवलेला नाही, आणि एकही त्यांना पटलेला नाही. सिंहानं हरीण धरलं की माझ्या गळ्यावरचा वस्तरा जागीच थांबतो.

"कॅमेरावाला नुसता बघतोय! मानूस हाय का खांब?"

"मामा, सिंहानं उपाशी मरायचं का?"

"भाकर टाकायची त्याला!"

मी बिबट्या वाचवण्याची पत्रकं वाटणारा. निसर्गात लुडबुड करू नये, हे त्यांना वर्षभर तावातावानं सुनावतोय.

परवा सलूनमागच्या शेतात ऊसतोड चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. मामांनी माझ्या गळ्यातलं कापड ओढलं आणि धावले. मी अर्ध्या दाढीनिशी मागं. पोरं सेल्फीसाठी पिल्लं उचलायला निघालेली. पिल्लं तिथून हलली तर आई त्यांना शोधणार कुठं? मामांनी कापड पिल्लांपुढं आडवं धरलं.

"शूटिंग बंद! ह्यांची आय उसातच हाय. मागं सरा!"

सगळे हटले. एकच मोबाईल कापडावरून आत डोकावत राहिला. माझा.

"काय रं खांबा," मामा म्हणाले, "कापडाचं दुसरं टोक कोन धरनार?"