राणीच्या पावलाखालची पानं

आमच्या सिनेकामगारांच्या संघटनेत तिला सगळे पाऊलवाली म्हणतात. पडद्यावर कोणी चाललं, धावलं, जिना उतरलं, की त्या पावलांचे आवाज ही काढते. शूटिंगमध्ये ते धड मिळतच नाहीत. वाळूचे, खडीचे ट्रे, चार फळ्या, जुन्या पायताणांचा ढीग आणि एक बंद खोली. सत्तावीस वर्षं हाच तिचा संसार. किती नट्या हिच्या टाचांवर ठुमकल्या, आणि शेवटच्या पाट्यांत हिचं नाव शोधून दाखवा! जाऊ द्या, माझं डोकं फिरतं.

परवा मला, संघटनेच्या चिटणिसाला, तिचा फोन आला. "दादा, माझं काम काढून घेतायत."

एका जाडजूड कादंबरीवरची मालिका. त्यात एल्फ, म्हणजे लांब कानांची, रानात राहणारी, जादू येणारी जमात. त्यांची राणी वाळक्या पानांवरून चालत एका मरणाला टेकलेल्या शिपायाकडे जाते. कादंबरीत लिहिलंय, एल्फच्या पावलांचा आवाज होत नाही. दिग्दर्शकाने हिशोब केला, आवाज नाही तर पाऊलवाली कशाला? संगणकातून किणकिण घालू, वर निळ्या ठिणग्या सोडू, बाकीच्यांची पावलंही संगणकातलीच लावू. राणी पाचही भागांत. म्हणजे हिच्या हातचं सगळंच गेलं.

मी तावातावाने स्टुडिओत, तिच्या खोलीत पोचलो. तोंड उघडणार, तर हीच म्हणाली, "दादा, भांडण नंतर. आधी मला करून दाखवू दे."

"दहा मिनिटं," दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला.

आधी तिने पडद्यावरचा शिपाई धडपडत येऊन कोसळेपर्यंतचे त्याचे बूट चालवले. पानं करकरा मोडली. मग पडद्यावर राणी आली, तशी ही चपला काढून खालीच बसली. हातात बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद. राणीचं पाऊल टेकलं, काही नाही. पाऊल उचललं, आणि हिने आवळलेली मूठ हळूहळू सैल केली. कागद फुलत गेला. बारीक, अगदी बारीक चुरचुर. तेवढ्यात माझी खुर्ची कुरकुरली.

"दादा, बाहेर!"

मला? तिच्यासाठी भांडायला आलेल्याला? गेलो मुकाट्याने. काचेपलीकडे हेडफोन लावून उभा राहिलो.

"हे काय होतं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"शिपायाने तुडवलेली पानं. राणी पुढे गेली की मागे उलगडतायत."

"लोकांना कळणार आहे का?"

"कळायला कशाला हवं? बरं वाटलं की झालं. ठिणग्या दिसल्या की म्हणतील, कंप्युटरवर केलंय."

त्याने तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. दहाची वीस मिनिटं झाली. शेवटी शेजारी संगणकावर बसलेल्या पोरीला म्हणाला, "ती किणकिण काढून टाक. ठिणग्याही." आणि हिच्याकडे वळून, जरा चाचरतच, "पुढच्या भागात राणी घोड्यावर आहे. तिथे काय कराल?"

"घोडा कुठे एल्फ आहे? तो दणदणीत वाजणार!" ती म्हणाली, आणि फळ्या ओढायला लागली.