शेगडीचं जोडपं

आमच्या धाकट्या मामांइतकी विजेवर माया करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. वीज मात्र त्यांच्याशी कधीच धड वागली नाही. पुलगावच्या मिलमध्ये ते वायरमन होते आणि राहायला नाचणगावात, आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या घरात देवांच्या शेजारी व्होल्टेजचं मीटर टांगलेलं असे. आंघोळ झाली की आधी देवाला हात जोडायचे, मग मीटर वाचायचे आणि गल्लीभर ओरडून सांगायचे, "आज एकशेसाठच हाये! इस्त्री लावू नका!" लोकांची लग्नंसुद्धा ते विजेतच मोजत. नवराबायको एका पावलानं चालणारे असले की ते "शेगडीचं जोडपं", कारण शेगडीत व्होल्टेज चढलं की करंट त्याच क्षणी चढतो, उतरलं की उतरतो. नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे असली की "पंख्याचं जोडपं". पंख्यात करंट मागे रेंगाळतो म्हणे. हे ऐकून मामी नुसती हसायची, पण बाजारात जाताना मुद्दाम दहा पावलं मागे राहायची.

माझ्या ताईला पाहायला हिंगणीचे चार पाहुणे आले, त्या दिवशी घरातलं घासलेट संपलेलं. चहा विजेच्या शेगडीवर, आणि व्होल्टेज पार बसलेलं. आधीची दोन स्थळं मोडली होती, त्यामुळे आई दर मिनिटाला भांड्यावरचं झाकण उचलून पाहत होती. मामा मीटर पाहून स्वयंपाकघरात आले. "व्होल्टेज पडलं का संगं करंट बी पडते. दोन्हीकून मार! दहा मिनिटाची चाय आज वीस मिनिटं घेईन. तू भिऊ नको बाई, मी पाहुण्याइले गुंतवून ठेवतो."

गुंतवायला त्यांच्याकडे विषय एकच होता. घरातली वीज तारेतून सेकंदाला पन्नास वेळा जाऊन येते, हे ते इतक्या वेळा सांगू लागले की मुलाच्या वडिलांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी न राहवून ते म्हणाले, "मामाजी, गेलेली वीज वापसच येते, तर शेगडी गरम काऊन राह्यते? गरमी बी वापस जाले पायजे ना!"

मामा तोंड उघडणार, तोच आतून ताईचा आवाज आला, "तळहात घासून पाहा ना! इकडं नेला तरी गरम, तिकडं नेला तरी गरमच!"

पाहायला आलेल्या पाहुण्यांना मुलीनं आतून उत्तर द्यायचं म्हणजे काय! आईनं डोळेच मिटले. मुलानं हळूच तळहात घासून पाहिले. मग त्याच्या वडिलांनी. ताई चहा घेऊन आली तेव्हा चारही पाहुणे हात घासत हसत होते. "पोरगी हुशार हाये," वडील म्हणाले, आणि तिथंच लग्न ठरलं.

ताई हिंगणीला गेल्यावर एका रविवारी मामा नेहमीसारखे आमच्याकडे आले. मला समोर बसवून व्होल्टेजचं काहीतरी बराच वेळ सांगितलं आणि विचारलं, "समजलं?" काही न कळताच मी पटकन "हो" म्हणालो. मामा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागले. आमच्या घरात त्यांचं मनापासून ऐकणारी एकटी ताई होती, आणि तिचं लग्न त्यांनीच जमवून दिलं होतं.

"तुही ताई कदी लगेच हो नाई म्हने," ते म्हणाले. "हे काऊन, ते काऊन करून माह्यं डोकं खाये."