परत मोज, मी बसलोय

पोराचं गणित चुकलं की आमचे गुरुजी चिडायचे नाहीत, खाली बसायचे. मांडी घालून, थेट सारवलेल्या जमिनीवर. "आसू दे. परत मोज, मी बसलोय." त्यामुळे त्यांच्या लेंग्याची मागची बाजू कायम शेणाच्या रंगाची असे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही आधी हसलाच असता. मी हसलो होतो.

नव्वदच्या दशकात आहुप्याच्या बाजूला, डोंगरातल्या त्या दोनशिक्षकी शाळेत गुरुजी जुने आणि मी नवा मास्तर होतो. तिसरीतली ठमी धडा खडाखडा वाचायची. पण पाचात दोन मिळवायचे तरी बोटं पहिल्यापासून मोजायची आणि तरीही चुकायची. मी तिला आळशी ठरवलं. मोठ्या शहाणपणाने तिच्या बापाला सांगून टाकलं, "हिला गुरांमागे धाडा."

गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, रातांधळ्याला आपण आळशी म्हणतो का? तिला आकडा दिसत नाय. हाताला लागला तर कळंल."

बापाकडून त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. रोज शाळा सुटली की ते आणि ठमी मापट्याने तांदूळ मोजत बसायची. ढीग घालायचे, उचलायचे, पुन्हा घालायचे.

दिवाळीच्या तोंडावर बाप आला. ठमीने मापटं भरलं. "लाभ, दोन, तीन..."

"एक म्हण!" मी ओरडलो. ती जागीच थांबली. डोळे भरले.

गुरुजी खाली बसले. "मास्तर, तुमी गप ऱ्हावा. खळ्यावर पयलं माप लाभाचंच आसतं. ठमे, आसू दे. परत मोज, मी बसलोय."

तिने सात ढीग घातले. बापाने दोन फडक्यात घेतले. "आता किती ऱ्हायले?"

ठमी एकेका ढिगावर हात ठेवत गेली. मला धीर धरवत नव्हता. "पाच," ती म्हणाली.

बापाने तांदूळ परत ठेवले. "ऱ्हाऊ द्या तिला साळंत, गुर्जी."

या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी मंचरच्या प्रशिक्षणात कळलं. मी धावत सांगायला गेलो. "नाव लई मोठं हाय," गुरुजी म्हणाले. "पोरीला सांगू नका."

पुढे गुरुजी वारले. तेराव्याला, आता आमच्याच शाळेत खिचडी शिजवणारी ठमी जेवणाचे तांदूळ मोजत होती. गर्दीत ती मध्येच चुकली. कुणीतरी हसलं. मला फार वाईट वाटलं. कळायच्या आत मी इस्त्रीच्या पँटीनिशी जमिनीवर मांडी घातली होती.

"आसू दे, ठमे. परत मोज, मी बसलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मापटं रिकामं केलं आणि पुन्हा भरलं.

"लाभ," ती म्हणाली.