धोटा कधी निघायचा

बाई गेल्या हे मला आमच्या नाचाच्या क्लासच्या ग्रुपवर कळलं. मी मेसेज उघडेपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्याला आता दीड महिना झाला. नंतर 'प्रत्येकीनं बाईंची एक आठवण लिहा' असं ठरलं आणि सगळ्यांनी एकच लिहिलं, बाई कडक होत्या पण आईसारख्या होत्या. वाचताना मला चीड येत राहिली. कारण मीही तेच लिहिलं होतं.

आईसारख्या त्या मुळीच नव्हत्या. पहिल्या दिवशी शाळेच्या सवयीनं मी 'मॅम' म्हणाले, तर म्हणाल्या, "शेळीवानी मॅ मॅ काय करतीस? बाई म्हण की." पुढचा आठवडाभर मी तोंडच उघडलं नाही. मग त्यांनी मला शेवटच्या रांगेत नेलं. "लाजतीस तर लाज. मागं उभी ऱ्हा, पण उभी ऱ्हा." दहा वर्षं मी तिथेच होते.

भरतनाट्यम शिकवणारे सोलापुरात आणखीही आहेत. बाईंचं स्वतःचं होतं ते मागाचं नृत्य. त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे. लहानपणी त्यांना डबा पोचवताना तो खटखटाट बाईंच्या पायांत शिरला, असं त्या सांगत. आमच्या रांगा म्हणजे उभे धागे, आणि एक मुलगी आडवा धागा नेणारा धोटा होऊन त्यांच्यातून आडवी जायची. प्रत्येक रांगेला त्या वेगळ्या दिवशी शिकवत, म्हणजे कुणी दुसरीच्या पायाकडे बघणार नाही. कागदावर एक ओळ लिहिलेली नाही...

शोकसभेत हेच करायचं ठरलं, तेव्हा कळलं की प्रत्येकीला फक्त आपली रांग येते. व्हिडिओ मागवले, भरपूर आले. प्रत्येकीच्या आईबाबांनी आपल्याच मुलीचा चेहरा मोठा करून घेतलेला. नृत्य कशातच नाही. आमच्यातली सगळ्यात मोठी, अर्चनाताई, म्हणाली, "जाऊ दे, फोटोंचा स्लाइड शो करू." कार्यक्रमात सगळ्या एकत्र नाचायच्या तेव्हा शेवटच्या रांगेतून मला सगळ्या रांगा दिसायच्या. मला सगळं येत होतं आणि मी गप्प बसले. स्लाइड शो झाला, लोक रडले. बाई त्यातल्या तीनच फोटोंत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर 'मला सगळ्या रांगा येतात, क्लासवर या' असं लिहिलं, तीनदा खोडलं, मग पाठवलं. महिनाअखेरीला क्लासची जागा सोडायची होती. रविवारी नऊजणी आल्या. मी रांगा लावून दिल्या. अर्चनाताई म्हणाली, "एवढं येत होतं तर सभेआधी तोंडात काय धरलं होतंस गं?"

निम्म्यापर्यंत सगळं जुळलं आणि अडलं. धोटा शेवटच्या रांगेमागून निघायचा, म्हणजे माझ्या पाठीमागून. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. धोटा व्हायची ती स्नेहल. तिला विचारलं, कितव्या ठोक्याला निघायचीस?

"मोजलंच नाही गं कधी. बाई मान हलवायच्या, मी निघायचे."

बाईंची ताल धरायची काठी आणि लाकडी ठोकळा खिडकीखाली तसाच होता. मारून मारून ठोकळ्यात खळगा पडलाय. मी त्यांच्या जागी बसले. माझा पहिला ठोका खळग्याच्या बाजूला पडला. रांगा सुरू झाल्या. सगळ्यांच्या मागे उभी राहून स्नेहल माझ्या मानेकडे बघत होती, आणि मी नुसते ठोके देत राहिले...