वायर धरणारी

खुटबाव सोडलं त्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढं गेला, आन् माझ्या पोरानं, दत्तूनं, गाडीचं पुढचं दार उघडलं. मी पाय टाकणार तेवढ्यात म्हणाला, "आबा, आईला गाडी लागती. तुम्ही मागं बसा." मागं गोधड्यांचं गठुडं, पिठाचा डबा आन् मी. निरोपाला आलेल्या माणसांदेखत मी मागं बसलो. त्यातले काही गावात हायेत, काही माझ्यासारखेच पोरांमागं कंपन्यांकडं गेले. तुम्हा सगळ्यांना खरं सांगतो, नदीचा पूल वलांडंस्तवर गाव सुटल्याचं दुःख मला झालंच न्हाई. मी नुसता जळत व्हतो.

आमी मेंढरंवाली माणसं. लगीन झाल्यापासनं काठी घिऊन पुढं मी, मधी मेंढरं, आन् मागं घोड्यावर बिऱ्हाड लादून ती, दत्तूची आई. नंतर मेंढरं गेली, शेती धरली, तरी बाजाराला जाताना ती चार पावलं मागंच. त्यामुळं तिची पाठ मी कवा बघितलीच न्हवती. ती बघितली गाडीत. पांढरा अंबाडा, आन् मानेवर एक तीळ. एवढा संसार झाला आन् हा तीळ मला नवाच.

आमी गेलो सणसवाडीला, तिथं दत्तू कंपनीत सुपरवायझर. गाडी जुनी, दुसऱ्याकडनं घेतलेली, कॅसेटचा टेप गाडीबरुबरच आलेला. कॅसेटी मिळंनाशा झाल्या तवा त्यानं एक येगळीच कॅसेट आणली. आत फीत न्हाई, नुसती वायर बाहेर लोंबती. कॅसेट टेपात घालायची, वायरची पिन काड्याच्या पेटीएवढ्या प्लेअरात खुपसायची, की प्लेअरातलं भजन गाडीत वाजतं. वायर आखूड, म्हणून प्लेअर पुढच्या माणसाच्याच हातात. त्यात पिन सैल. जरा हलली की गाणाऱ्याचा आवाज गायब, नुसती ढोलकी वाजत राहायची. हिनं शोधून काढलं, अंगठ्यानं पिन जरा आडवी दाबली की माणूस गातो. दत्तू म्हणायचा, "आई, तूच धर. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यो गात न्हाई."

झालं. पुढची सीट तिची, गाणं तिचं. मी एकदा म्हणलं, "आण इकडं, मी धरतो." वायर मागं पुरंना. ती वळून हसली. "अवं, जलमभर पुढं चाललात की. आता बघा माझी पाठ."

सणसवाडीबी तिला लगीच मानवली. शेजारच्या भाड्याच्या खोल्यांत बिहारकडच्या बाया, त्यांच्याशी ही हिंदीत बोलायची. "आव दीदी, चाय पिव." मी वट्यावर बसून कंपनीच्या बसा बघायचो. ती म्हणायची, "बोला की माणसांशी." काय बोलू? मेंढरं हायेत का त्यांच्याकडं? तिला नवं गाव मिळालं आन् माझं जुनंबी गेलं, ह्याचा मला राग व्हता.

मग तिला ताप आला, त्यो उतरलाच न्हाई. मला मागं ठिऊन गेली.

वर्षश्राद्धाला खुटबावला निघालो, तर दौंडचे व्याही, सूनबाईचे वडील, लेकीकडं आलेले, ते बरुबर. रेल्वेतनं रिटायर माणूस. पाव्हणं म्हणून पुढं बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी सीट मागं ढकलली ती माझ्या गुडघ्यावर. प्लेअर हातात घेतला, नुसती ढोलकी. ठोकून बघितला, तरी ढोलकीच. म्हणाले, "दत्ताराव, घाला हे भंगारात. नवा टेप बसवा, वायरची कटकट नको."

"बघतो, मामा," दत्तू म्हणाला.

हिच्या जागेवर बसला ते बसला, हिचं कामबी मोडीत काढतो. मी वरडलो, "टेपाला कुणी हात लावायचा न्हाई!" शेजारी बसलेली सूनबाई दचकली. खुटबावपातुर ढोलकी तेवढी वाजत व्हती.

श्राद्ध उरकलं. व्याह्यांना दौंडला सोडलं, सूनबाई माहेरी राहिली. राहिलो आमी दोघं. दत्तूनं पुढचं दार उघडलं. "या आबा, आता पुढं."

ज्या सीटसाठी जळलो ती समोर रिकामी. मी म्हणलं, "आधी ती पुढं सरकव. व्हती तशी."

त्यानं सरकवली. मी मागचं दार उघडून आपल्या जागेवर बसलो.

"मी काय टॅक्सीवाला हाय व्हय?"

"व्हय. चल."

प्लेअर तिच्या सीटवर पडला व्हता. दोन सीटांच्या मधनं मी हात घातला, अंगठ्यानं पिन आडवी दाबली. जरा ढोलकी वाजली, मग माणूस गायला लागला. दत्तूनं आरशात बघितलं, मग रस्त्याकडं. नदीच्या पुलावर हाताला मुंग्या आल्या. मी सोडला न्हाई.

गाव म्हंजी खुटबाव, असं मी आजवर म्हणत आलो. आता विचाराल तर माझं घर त्या सीटच्या मागं हाय. दत्तूनं टेप बदलला न्हाई. व्याही आले की पुढंच बसत्यात, आन् मी अजून जळतो. जळू दे. तिची पाठ बघायची सवय मला लई उशिरा लागली.